पंधरा किलोसाठी पोट कापायचं का?

पत्र चार पानी होतं, ओळख पटेल असं सगळं काढून मी आवरतं घेतलंय:

«ताई, वय ३३, पुण्याजवळ राहते, बँकेत नोकरी, शाकाहारी, झोप जेमतेम पाच तास. उंची ५ फूट ३ इंच, वजन ७६. मुलगी पाच वर्षांची आहे, तिच्यानंतर वजन उतरलंच नाही. पीसीओडी आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलंय, आईला डायबेटीस आहे. मागे ते दोनदाच जेवायचं डाएट केलं तेव्हा सहा किलो गेले होते, आठ महिन्यात परत आले, वर एक किलो बक्षीस. गेल्या महिन्यात एका मोफत शिबिरात गेले तर तिथे म्हणाले तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जवळपास ३० आहे, भारतीयांसाठी हा लठ्ठपणाच, स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) करून घ्या, तीन दिवसात घरी, तीन लाख वीस हजार, ईएमआय पण आहे. माझ्या आत्तेबहिणीने वजनासाठी बायपास (जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) केलं, १२२ ची ७८ झाली, इतकी खूश आहे. नवरा म्हणतो पंधरा किलोसाठी कोणी पोट कापतं का, जिम लाव. सासूबाई म्हणतात जिभेवर ताबा नाही. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे आणि माझं एकही ब्लाउज होत नाही. दुसरं मूल हवंय, तेही ३५ च्या आत. बाकी तब्येत ठीक, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेते तेवढीच. करू का ऑपरेशन?»

अगं, आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन होते, त्यातली शेवटची नऊ बॅरिॲट्रिकच्या, वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या टीमबरोबर, म्हणजे ऑपरेशन झालं की पेशंट माझ्याकडे यायचे आणि मग वर्षानुवर्षं येत राहायचे. त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधलं मला फार कळत नाही, पण नंतर घरी स्वयंपाकघरात काय होतं ते चांगलं माहितीये.

आणि सासूबाईंचं आधी निकालात काढू. जिभेचा काही संबंध नाही गं. पीसीओडी, पाच तासांची झोप, बाळंतपण, आईकडून आलेला डायबेटीस, यातलं जिभेने काय केलंय? वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, म्हणून ते सहा किलो परत आले, तू चोरून जिलेब्या खाल्ल्यास म्हणून नाही. ऑपरेशन करणारे लोक आळशी असतात हेही तितकंच खोटं. गडकरींनी २०११ मध्ये करून घेतलं, त्यांना कोणी आळशी म्हणेल का? ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ही सर्जरी जीव वाचवणारी आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तुझं. शिबिरातले लोक तुला थेट खोटं बोलले नाहीत, म्हणूनच गोंधळ होतो. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या लोकांच्या पोटावर चरबी जास्त असते आणि शुगर लवकर बिघडते. ऑपरेशनसाठी १९९१ पासून जुना नियम होता, ४० च्या वर किंवा ३५ च्या वर आणि सोबत आजार. मग २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जागतिक अशा दोन सर्जन संघटनांनी मिळून तो खाली आणला आणि आशियाई लोकांना २७.५ पासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं लिहिलं. तुझा येतो २९.७. म्हणजे कागदावर तू बसतेस. पण पर्याय द्यावा म्हणजे २७.५ च्या वरच्या प्रत्येक बाईला उद्या टेबलवर घ्या असं नाही ना. इतक्या कमी बीएमआयला ऑपरेशनची खरी मदत कोणाला होते तर ज्यांची शुगर दोन-तीन गोळ्या, इन्सुलिन घेऊनही आटोक्यात येत नाही त्यांना. तुझं ६.१ म्हणजे अजून डायबेटीसच नाही, उंबरठा आहे, ५.७ ते ६.४ मधला. आणि गंमत बघ, विम्याचा नियम अजून जुन्या आकड्यांवरच आहे, ४० किंवा गंभीर आजारासोबत ३५. तुझ्या उंचीला ३५ म्हणजे जवळजवळ नव्वद किलो. त्यामुळे तुझा क्लेम बसणार नाही, म्हणून तर त्यांनी आधीच ईएमआयचं सांगून ठेवलं.

आत्तेबहिणीचं सांगितलंस ते मी दोनदा वाचलं. ती १२२ ची ७८ झाली आणि खूश आहे, व्हायलाच हवी. पण बघ ना, ती जिथे पोचून पेढे वाटतेय तिथून दोन किलो खाली तू आत्ता उभी आहेस. तिचा आफ्टरचा फोटो तोच तुझा बिफोर. तिच्या गुडघ्यांवरून, हृदयावरून ४४ किलो उतरलेत, तिला कदाचित जिना चढता येत नसेल, रात्री श्वास अडकत असेल, ते सगळं गेलं. त्या बदल्यात तिने जे दिलं ते तिला स्वस्तात पडलं. तुला तेच सगळं द्यायला लागेल आणि मिळेल त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय तिचं बायपास आहे, तुला विकतायत ते स्लीव्ह, ही दोन ऑपरेशनं वेगळी आहेत.

द्यायचं म्हणजे काय ते सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात, केळ्याएवढी नळी उरते. भुकेचं हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही, लोकांना जादू वाटते. आणि हो, वजन जातं, ते मी नाकारणार नाही, साधारण पाव वजन वर्ष-दीड वर्षात, तुझे अठरा-एकोणीस किलो जाऊ शकतात. टेबलवरचा धोकाही लोक समजतात तेवढा नाही, चांगल्या हातात पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपासचा. पण कापलेला भाग परत लावता येत नाही. तू ३३ ची आहेस, पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या नळीवर काढायची आहेत.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. खोकल्याच्या औषधाचं ते छोटं झाकण असतं ना, तीस मिलीचं, तेवढं पाणी पंधरा मिनिटांत घोटघोट, मग पुन्हा तेवढंच, दिवसभर, घड्याळ लावून. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. कोरडी पोळी आणि भाकरी कित्येक महिने अडकते, छातीत गोळा आल्यासारखं होतं, माझी एक पेशंट ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून ती वर येण्याची वाट बघायची. आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस. एक मुलगी दुधाच्या रिकाम्या धुतलेल्या पिशवीत आठवड्याचे केस गोळा करून माझ्या टेबलवर ठेवायची, मॅडम मोजा म्हणायची. येतात परत, बहुतेकींचे येतात, पण प्रोटीन पोटात गेलं तर. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रोटीन हवं आणि वाटीभर वरणात सहा-सातच असतं, आणि तू शाकाहारी, आणि पोटात जागा अर्ध्या वाटीची. मग पावडर आलीच. बी ट्वेल्व्ह, आयर्न, कॅल्शियम, डी, आयुष्यभर, दरवर्षी रक्त तपासून. तीन लाख वीस हजारात हे धरलेलं नसतं.

आणि पंगत! हे कोणी सांगत नाही. अजून ऑपरेशनच्या आधी कुठल्याच शिबिरात मी हे ऐकलेलं नाही. आपल्याकडे जेवण हे जेवण कमी आणि आग्रह जास्त. दोन घास पुरणपोळी खाल्ली की तू फुल, आणि समोर मावशी तुपाची वाटी घेऊन उभी, काय गं जेवत नाहीस, बरं नाहीये का, पुन्हा दिवस गेले की काय. १२२ किलोची बाई सांगू शकते माझं ऑपरेशन झालंय, लोक गप्प बसतात. तुला लोक म्हणणार, तू कुठे एवढी जाड होतीस? बऱ्याच जणी मग लपवतात, नवरा आणि आई सोडून कोणाला माहीत नसतं, आणि लपवून खाणं-न खाणं सांभाळणं हा एक वेगळाच उद्योग होऊन बसतो.

पण हे सगळं जरी बाजूला ठेवलं तरी तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं आहे, जे तू तेवढीच म्हणून उरकून टाकलंस. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. किती वर्षं? कोणी दिली? एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघतात ती तपासणी, झालीये का? शिबिरात कोणी विचारलं का? कारण स्लीव्हचा सगळ्यात ठरलेला त्रास हाच आहे, ॲसिड वर येणं. अरुंद नळीत दाब वाढतो, आणि ज्यांना आधीपासून जळजळ आहे त्यांची बऱ्याचदा वाढते, ज्यांना नव्हती त्यांनाही सुरू होऊ शकते. काहींना इतकी की शेवटी स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागतं, म्हणजे दुसरं ऑपरेशन. रोज पॅन, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, घेणाऱ्या बाईला एंडोस्कोपी न करता, चौकशी न करता पहिल्याच भेटीत स्लीव्हचं पॅकेज सांगणाऱ्या माणसाकडे मी माझं पोट द्यायला गेले नसते, मग तो कितीही मोठा असो.

दुसरं, बाळ. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, वजन झपाट्याने उतरत असताना बाळाला पोषण मिळत नाही. आणि पीसीओडीवालीचं वजन उतरलं की पाळी सुधारते, अचानक राहतंही, माझ्या दोन पेशंटना चौथ्या-पाचव्या महिन्यात राहिलं आणि मग सगळ्यांची धावपळ. तुला ३५ च्या आत हवंय. आज ठरवून उद्या झालं तरी हिशोब किती घट्ट बसतो ते तूच बघ.

मग जिम लाव म्हणणारा नवरा बरोबर का? अर्धा. त्याला सांग जिमने एकट्याने फार वजन जात नाही, स्नायू टिकतात, आणि त्यासाठी जायचंच आहे, पण मग संध्याकाळी सात ते आठ लेकीला तो बघणार आणि कुकर तो लावणार. हे ठरल्याशिवाय जिमची फी भरू नकोस, मी सांगते.

तू दिवसभराचं खाणं लिहिलंस ते वर मी छापलं नाही पण इथे सांगायला हरकत नाही. सकाळी चहा-बिस्किटं, नाश्ता नाही, एकला डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, पाचला चहा आणि बँकेच्या खालचा वडापाव किंवा फरसाण, मग थेट रात्री दहाला लेक झोपल्यावर भात-आमटी आणि मोबाइल. अगं यात प्रोटीन आहे कुठे? मी मोजलं, चाळीसच्या आत येतं. संध्याकाळी पाचला वडापाव हवासा वाटतो तो दोष वड्याचा नाही, सकाळी काही पोटात गेलेलंच नसतं. दोनदा जेवायच्या डाएटवर तुझे सहा किलो गेले याचा अर्थ तुझं शरीर ऐकतं, फक्त ते डाएट तुझ्या घड्याळात बसत नव्हतं, लेकीच्या शाळेचं आणि क्लोजिंगचं आणि पाहुण्यांचं. सकाळी मुगाचं धिरडं किंवा पनीरची भुर्जी, अंडं चालत असेल तर सोन्याहून पिवळं. डब्यात पोळ्या दोन आणि तिसरीच्या जागी घट्ट उसळ, भाजीत चार दाणे टाकलेली नाही, मोजून वाटीभर. पाचला भाजलेले चणे आणि ताक. रात्रीचं जेवण लेकीबरोबर आठला, दहाला नाही, दहाचं जेवण ॲसिडिटीचंही मूळ असू शकतं. आठवड्यातून एकदा वडापाव खा, बसून खा, आनंदाने खा.

आणि पंधरा किलोचा आकडा जरा सोड. तुझे सहा किलो गेले की बीएमआय २७.५ च्या खाली येतो, म्हणजे ज्या रेषेवरून तुला टेबलवर घेतायत ती रेषाच मागे पडते. शुगरला तर तेवढेही लागत नाहीत. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्याच लोकांवर, तुझ्यासारख्या उंबरठ्यावरच्यांवर तीन वर्षं केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खाणं आणि चालणं सुधारलेल्या लोकांत डायबेटीस होण्याचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं, आणि मजा म्हणजे त्यांचं वजन फारसं हललंच नव्हतं. काटा तसाच आणि आतलं सुधारलं. म्हणून काट्यापेक्षा टेप घे, बेंबीच्या पातळीवर, आपल्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही रेषा, महिन्यातून एकदा मोज आणि लिहून ठेव.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं तू विचारलं नाहीस पण कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच बोलते. २०२५ मध्ये मार्चला माउंजारो आणि जूनला वेगोवी आपल्याकडे आलं, ३० च्या वर किंवा २७ च्या वर आणि सोबत वजनाशी संबंधित आजार असेल तर देतात, आणि वजन खरंच उतरतं, चाचण्यांमध्ये वेगोवीवर साधारण पंधरा टक्के, माउंजारोच्या मोठ्या डोसवर वीसच्या आसपास. तुझ्यासारखीसाठी ऑपरेशनच्या आधी विचारात घेण्यासारखी गोष्ट आहे, कारण निदान थांबवता तरी येते. पण थांबवलं की वजन बहुतेक परत येतं, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, आणि बाळाचं बघत असशील तर वेगोवी निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं, माउंजारो सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे हे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे बसून ठरवायचं, जिमच्या ट्रेनरकडून फ्रीजमधलं पेन घ्यायचं नाही. तुला साधं मेटफॉर्मिन, ती शुगरची गोळी, पुरेल का हेही तेच सांगतील. पोटात ठेवायचा बलून वगैरे बहुतेक वेळा सहा महिन्यांनी काढायचं असतं, काढल्यावर पुढे काय याचं उत्तर तिथे तुला फार समाधानकारक मिळणार नाही.

तर माझं उत्तर, आत्ता नको. आधी एंडोस्कोपीचं डॉक्टरांना विचार. थायरॉइडची टीएसएच, बी ट्वेल्व्ह, डी, लिव्हरची तपासणी करून घे (सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलं तर घाबरू नकोस, आपल्याकडे ते सोसायटीतल्या बऱ्याच लोकांना असतं, पण दुर्लक्षही करू नकोस), नवऱ्याला विचार तू घोरतेस का. एंडोक्रायनॉलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांना एकाच आठवड्यात भेट, दोघांना बाळाची तारीख सांग. सहा महिने दे.

आणि मी कायमचं नको म्हणत नाहीये हं. उद्या शुगर खरंच चढली, गोळ्यांना ऐकेना, झोपेत श्वास अडकायला लागला, तर बीएमआय २९ असला तरी सर्जनकडे जा, लाजू नकोस, नवऱ्याचं ऐकू नकोस. फक्त तेव्हा शिबिरात नाही, ओपीडीत जा. विचार की माझ्यासारख्या ३० च्या खालच्या किती जणींची केलीत आणि त्या आता कशा आहेत. विचार की तुमचा डाएटिशियन कोण, रात्री दोनला उलटी थांबेना तर फोन कोण उचलणार, माझ्या ॲसिडिटीला स्लीव्ह का आणि बायपास का नाही. आणि म्हण मला एक पेशंट भेटवा, पण पाच महिन्यांपूर्वीची नको, पाच वर्षांपूर्वीची. पाच महिन्यांची सगळ्याच खूश असतात, मीच त्यांच्यासोबत फोटो काढलेत. पाचव्या वर्षी ज्या ओपीडीत येतात त्यातल्या काहींचे दहा-बारा किलो परत आलेले असतात, काही अगदी मजेत असतात, काही रोज पॅन घेत असतात, त्यांच्याशी चहा पी आणि मग ठरव. जो सर्जन हे प्रश्न ऐकून चिडत नाही तो बरा. जो म्हणतो ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे, त्याला नमस्कार करून घरी ये.

एंडोस्कोपी झाली की रिपोर्टमध्ये काय आलं ते कळव, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) असा शब्द दिसतोय का तेवढं बघून ठेव.

आणि डिसेंबरचं म्हणशील तर साडी घेऊन आत्ताच टेलरकडे जा, सीझनला ते उभं करत नाहीत. आत्ताच्या मापाचं शिवायला सांग, नीट बसणारं, श्वास घेता येईल असं, पुढे कधीतरी होईल म्हणून घट्ट नाही. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच मार्जिन आत ठेवायला सांग आणि हुक पुढे घे, आल्टर करायला सोपं जातं.